लॅपटॉप चालता चालता बंद पडतो – शोध कुठून सुरू करावा?

मागचा_बाक

मंडळी, मदत हवी आहे. लॅपटॉप चार वर्षं जुना, विंडोज ११. गेल्या काही आठवड्यांपासून काम करता करता अचानक बंद पडतो. काही सूचना नाही, निळा पडदा नाही, "शटिंग डाउन" वगैरे काही नाही. कधी दिवसभर गुमान चालतो, कधी एकाच मीटिंगमध्ये दोनदा मान टाकतो. पुन्हा बटण दाबलं की जणू काही झालंच नाही अशा थाटात सुरू होतो.

चार्जर लावलेला असताना पण होतं, नसताना पण. खालून कोमट लागतो, पण चटका बसेल असा नाही. अपडेट्स सगळे टाकून झाले, व्हायरस तपासून झाला. एक मित्र म्हणतो फॉरमॅट कर, दुसरा म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीन घे. मला दोन्ही पटत नाही. अंदाजपंचे एकेक भाग बदलत बसायचं नाहीये. दुरुस्तीला देण्याआधी घरच्या घरी कारण कसं शोधता येईल? स्क्रू-ड्रायव्हर हातात धरता येतो, सोल्डरिंग जमत नाही.

झारा

फॉरमॅट मार. आधी फॉरमॅट, मग विचार.

टाचणी

झाराचं ऐकू नका, तो दार करकरलं तरी फॉरमॅट करायला सांगतो.

आधी तीन गोष्टी सांगा. बंद पडल्यावर पॉवर बटणाजवळचा दिवा पूर्ण विझतो की लुकलुकत राहतो? पंखा त्याच क्षणी थांबतो का? आणि आपोआप पुन्हा सुरू होतो की तुम्हाला बटण दाबावं लागतं? दिवा लुकलुकत असेल तर यंत्र बंद पडलेलंच नाही, ते झोपलंय. आपोआप सुरू होत असेल तर ते रिस्टार्ट, त्याची कारणं वेगळी. लोक या तिन्हीला "बंद पडतो" म्हणतात आणि मग शंभर प्रतिसाद भलत्याच दिशेला जातात.

कोपऱ्यातला

नव्व्याण्णव टक्के उष्णता. चार वर्षांत एकदाही उघडून साफ केला नसणार. माझा असाच व्हायचा. मागचं झाकण काढलं तेव्हा पंखा बराच स्वच्छ होता, म्हणून आधी मीही फसलो असतो. पंखा काढल्यावर खरी गंमत. त्याच्या तोंडाशी तांब्याच्या नळीला जोडलेल्या बारीक पात्यांची जाळी असते, तिच्यावर धुळीचा अक्षरशः नमदा बसला होता. पंखा जीव तोडून फिरतोय आणि हवा बाहेर जायला वाटच नाही. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही, उलट आतल्या बाजूला ढकलला जातो. पंखा उचलून चिमट्याने सोलून काढला.

एक सावधगिरी: हवेच्या डब्याने साफ करताना पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. जोरात गरगरला तर बेअरिंग जातं, शिवाय फिरता पंखा उलटी वीज तयार करतो. आणि हात घालण्याआधी चार्जर काढून बॅटरीचा कनेक्टर सोडवा.

ठिणगी

निदान वगैरे नंतर. आज, आत्ता, बॅकअप घ्या. वीज अशी मधेच तुटली की ज्या फाइलवर त्या क्षणी लिहिणं चालू असतं ती अर्धवट राहते. दहा वेळा काही होत नाही, अकराव्या वेळी नेमकी विंडोजचीच एखादी फाइल सापडते आणि मग यंत्र सुरूच होत नाही. पुढे इथले लोक तुम्हाला मुद्दाम ताण देऊन बंद पाडायला सांगणार आहेत, त्याआधी फोटो आणि कामाच्या फाइली दुसरीकडे जाऊ देत.

झारा

बघा, म्हणजे फॉरमॅटची पूर्वतयारी सुरू झालीच.

मागचा_बाक

@टाचणी – दिवा त्याच क्षणी विझतो, पंखाही थांबतो. वायर ओढल्यासारखं. आपोआप सुरू होत नाही.

@ठिणगी – बॅकअप चालू केलाय, धन्यवाद.

@कोपऱ्यातला – उघडला नव्हता, कबूल. पण ज्या वेळी बंद पडतो त्या वेळी पंख्याचा आवाजही फारसा नसतो.

सोल्डरवाली

पंखा शांत असताना बंद पडतो हे महत्त्वाचं आहे, ते लक्षात ठेवू.

आता विंडोजलाच विचारा. स्टार्टवर उजवी क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, त्यात विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. बंद पडल्याच्या वेळेभोवतीच्या नोंदी बघा. कर्नल-पॉवर नावाखाली ४१ क्रमांकाची नोंद नक्की सापडेल, आणि ती बघून लोक गूगलवर जाऊन घाबरतात. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद न होता गेलं. ती नोंद मरताना नाही, पुन्हा सुरू होताना लिहिली जाते. तिच्यात कारण नसतं. तुम्ही स्वतः पॉवर बटण दाबून धरून बंद केलंत तरी ४१ येते.

पण तिच्या तपशिलात बगचेककोड नावाची ओळ असते. तिथे शून्याखेरीज काही असेल तर विंडोज कोसळलं आणि तेवढं लिहून ठेवण्याइतका वेळ त्याला मिळाला. मग ड्रायव्हर, रॅम या वाटेने जायचं. शून्य असेल तर बहुधा वीजच गेली, विंडोजला पत्ताच लागला नाही.

१०७४ दिसते का तेही बघा. ती असेल तर कुणीतरी, म्हणजे तुम्ही, अपडेटने किंवा एखाद्या प्रोग्रॅमने, रीतसर बंद करायला सांगितलं होतं, आणि कोणी सांगितलं त्याचं नावही तिथेच मिळतं. कर्नल-पॉवर ८६ असेल तर विंडोजने तापमान धोक्याच्या पुढे गेलं म्हणून बंद केलं. मात्र ८६ नाही म्हणून उष्णता नाही असं म्हणता येत नाही. प्रोसेसरच्या आतली शेवटची संरक्षक यंत्रणा कोणालाही न विचारता वीज तोडते.

पेंग्विनप्रेमी

लिनक्स टाका आणि सुटा. :)

बरं, खरं सांगतो. टाकायची गरज नाही, पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा. नेहमीचं काम त्यातच करा, ब्राउझर, व्हिडिओ वगैरे. तिथेही तसाच बंद पडला तर विंडोज, त्याचे ड्रायव्हर, अपडेट हे सगळे संशयित एका झटक्यात निर्दोष सुटतात आणि झाराच्या फॉरमॅटचाही निकाल लागतो. त्याहून सोपं म्हणजे बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जच्या, पडद्यावर नुसता ठेवून द्या. तिथेही मेला तर दोष यंत्रात, विंडोजमध्ये नाही. पण तिथे तगला म्हणून यंत्र ठणठणीत असं समजू नका, बायोसमध्ये ताण काहीच नसतो.

मागचा_बाक

निकाल:

४१ च्या ढीगभर नोंदी, सगळ्यांत बगचेककोड शून्य. १०७४ फक्त मी स्वतः बंद केलं तेव्हाच्या. ८६ एकही नाही.

एचडब्ल्यूइन्फो टाकून तापमानाची नोंद फाइलमध्ये चालू ठेवली होती. काल व्हिडिओ कॉलवर पडदा शेअर केला त्याच क्षणी गेला. फाइलमधली शेवटची ओळ प्रोसेसर ७४ अंश.

आणि आता मागे वळून आठवतोय तर बरेच वेळा असंच: पडदा शेअर करताना, मोठी एक्सेल उघडताना, ब्राउझरमध्ये एकदम दहा टॅब उघडताना. सिनेमा बघताना कधीच नाही, दोन-दोन तास बघितला तरी.

कोपऱ्यातला

७४ म्हणजे काही कमी नाही हो. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीकडे नेणारा लेप) वाळलेली असणार. पेस्ट बदला.

सोल्डरवाली

@कोपऱ्यातला, मी असहमत. ७४ ला कुठलाही प्रोसेसर मरत नाही. लॅपटॉपमधले बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०५ अंशांपर्यंत जातात, आणि तिथे पोहोचले तरी आधी वेग कमी करून स्वतःला थंड करायचा प्रयत्न करतात. उष्णतेने बंद पडणारं यंत्र त्याआधी रडतं: पंखा घोंघावतो, सगळं अडखळत चालतं, माउस खेचल्यासारखा वाटतो. इथे शांतपणे चालू असताना एका क्षणात काळोख. शिवाय दोन तासांचा सिनेमा चालतो आणि पडदा शेअर करण्याचा एक सेकंद चालत नाही. उष्णता साठायला वेळ लागतो. मला हे विजेचं दिसतंय.

पेस्ट चार वर्षांनी बदलली तर बिघडत काही नाही, पण ती या रोगावरचं औषध नाही.

कोपऱ्यातला

एचडब्ल्यूइन्फो दोन-दोन सेकंदांनी नोंद घेतं. मधल्या वेळात उडी मारली असेल तर? आणि प्रोसेसरला वीज पुरवणारे जे भाग असतात मदरबोर्डवर, त्यांचं तापमान कित्येक लॅपटॉपमध्ये दिसतच नाही.

सोल्डरवाली

दुसरा मुद्दा बरोबर आहे, तो मान्य. म्हणून वाद न घालता चाचणी करू.

@मागचा_बाक, कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंग्जमध्ये "मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट" असतं. ते १०० वरून ९९ करा, बॅटरी आणि चार्जर दोन्हीसाठी. एका टक्क्याचा फरक दिसतो, पण त्याने टर्बो बंद होतो, म्हणजे प्रोसेसर त्याच्या मूळ वेगावरच राहतो, उड्या मारत नाही. काही दिवस तसंच वापरा. बंद पडणं थांबलं तर दोष भार वाढण्याशी जोडलेला आहे हे पक्कं. काही फरक नाही पडला तर रॅम, सैल कनेक्टर, मदरबोर्ड वगैरे बघू.

आणि बॅटरीचा अहवाल काढा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग जागा सोडून स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट जोडून. अर्थात रोमन लिपीत. एक फाइल तयार होते, कुठे ते तिथेच सांगतो. तिच्यातली डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी इथे लिहा. चार्जरवरची बारीक अक्षरंही वाचून द्या: किती व्होल्ट, किती अँपिअर.

रविवारची_दुपार

तोवर माझी कथा. माझाही मधेच बंद पडायचा, पण फक्त माझ्या हातात. नवऱ्याच्या हातात कधीच नाही. त्यावरून घरात मी कीबोर्ड जोरात बडवते इथपासून माझ्यात स्थिर विद्युत जास्त आहे इथपर्यंत सगळे सिद्धांत मांडून झाले.

शेवटी लक्षात आलं की उजवं मनगट टचपॅडशेजारी टेकलं की पडदा जातो. हातातल्या घड्याळाच्या पट्ट्याला चुंबकाची कडी आहे. झाकण मिटलंय की उघडं हे लॅपटॉपला चुंबकावरून कळतं, म्हणजे झाकणात चुंबक आणि खालच्या भागात तो ओळखणारा संवेदक. माझा पट्टा तिथे गेला की त्याला वाटायचं झाकण मिटलं, झोपा आता.

टाचणी

मस्त! म्हणूनच मी दिव्याचा प्रश्न आधी विचारला होता. एका लॅपटॉपवर दुसरा चालू लॅपटॉप ठेवला तरी हेच होतं, वरच्याला खालच्याच्या झाकणातला चुंबक लागतो. चुंबकाची झडप असलेलं मोबाइलचं कव्हर शेजारी ठेवलं तरी होऊ शकतं.

झारा

म्हणजे नवरा फॉरमॅट करायची गरज नव्हती तर.

रविवारची_दुपार

त्यावर अजून विचार चालू आहे.

लपंडाव

थोडं अवांतर पण याच विषयावर. आमच्याकडे एक यंत्र होतं, बरोबर एका तासाने बंद व्हायचं. मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. हार्डवेअरवाल्याने अडॅप्टर बदलून पाहिला, रॅम बदलून पाहिली. वर सोल्डरवालींनी सांगितलेली १०७४ ची नोंद कुणी उघडून बघितली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं: त्यावर कुणीतरी विंडोज एंटरप्राइझची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती टाकून ठेवली होती. मुदत संपली की ती दर तासाला यंत्र बंद करते. बिघाड नव्हताच, ते ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

जुनं_खोड

वरच्या प्रतिसादात एक चांगली गोष्ट आहे. घड्याळ बघा. ठरावीक वेळाने बंद होत असेल तर सॉफ्टवेअर किंवा फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच लिहिलेला प्रोग्रॅम. ताण दिला की होत असेल तर उष्णता किंवा वीज. हलवल्यावर होत असेल तर काहीतरी सैल आहे.

हलवण्यावरून: झाकण मागे-पुढे करताना बंद पडणारे लॅपटॉप मी पाहिले आहेत. बिजागरीतून पडद्याची केबल जाते, वर्षानुवर्षं दुमडून तिचं वरचं आवरण फाटतं आणि आतली वायर धातूला टेकते. एका ठरावीक कोनातच होतं, म्हणून भूतबाधा वाटते. तसंच चार्जर खुपसायची जागा. रोज ओढाताण होऊन तिचे टाके सुटतात. पिन हलवली आणि चार्जिंगचं चिन्ह येऊन-जाऊन करत असेल तर तिथे बघा.

मागचा_बाक

उशीर झाला, माफी. ९९ टक्क्यांवर ठेवल्यापासून एकदाही बंद पडलेला नाही! पडदा शेअर केला, एक्सेल उघडली, मुद्दाम चाळीस टॅब उघडले. जरा संथ वाटतो, पण चालतो.

बॅटरीचा अहवाल: डिझाइन ५०,००० मिलिवॅट-तास, फुल चार्ज २३,४००.

चार्जरवर लिहिलंय: २० व्होल्ट, २.२५ अँपिअर. हा लॅपटॉपबरोबर आलेला नाही. मूळच्या चार्जरची वायर तुटायला आली म्हणून तो बाजूला ठेवला आणि घरातल्या दुसऱ्या, लहान लॅपटॉपचा टाइप-सी चार्जर वापरतोय. मूळच्यावर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर आहे. चार्जिंग व्यवस्थित होतं म्हणून त्यात काही वावगं वाटलं नाही.

सोल्डरवाली

सापडलं असं वाटतंय. जरा सविस्तर लिहिते, कारण "चार्जरवर असताना बॅटरीचा काय संबंध" हा प्रश्न येणारच.

२० गुणिले २.२५ म्हणजे ४५ वॅट. मूळचा ६५ वॅटचा. तुमचा प्रोसेसर कागदावर कदाचित १५ वॅटचा असेल, पण टर्बोमध्ये तो काही सेकंदांसाठी ४०-५० वॅटही ओढू शकतो. त्यात पडदा, वायफाय, एसएसडी आणि त्याच वेळी चाललेलं चार्जिंग मिळवा. ४५ वॅटच्या पुढे गेलात की उरलेली वीज आजचे बरेच लॅपटॉप बॅटरीतून घेतात, चार्जर लावलेला असला तरी. म्हणजे चार्जर आणि बॅटरी मिळून गाडा ओढतात.

आता बॅटरी. तिची क्षमता निम्म्याखाली आली आहे. पण खरी अडचण क्षमतेची नाही, आतल्या रोधाची आहे. लिथियम सेल म्हातारा झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. हळूहळू मागितलं तर तो देतो, एकदम मागितलं तर त्याचा व्होल्टेज धाडकन खाली येतो. भरलेला सेल ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, आणि तीनच्या आसपास घसरला की बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट सरळ तोडून टाकतं. ते विंडोजला विचारत बसत नाही. विंडोजला दिसणारे टक्के हा हिशेबाने काढलेला अंदाज असतो, त्याच्या लेखी अजून भरपूर चार्ज शिल्लक असतो, म्हणून सूचनाही नाही. बगचेककोड शून्य, पंखा शांत, तापमान ७४, सिनेमाला काही नाही आणि पडदा शेअर करताना खेळ खलास. सगळं जुळतं.

पडताळणी सोपी आहे. पुन्हा १०० टक्के करा आणि ६५ वॅटच्या चार्जरवर चालवून बघा. पण ती तुटकी वायर वापरू नका, कुणाचा तरी चांगला ६५ चा मागून आणा. मग चार्जर काढून फक्त बॅटरीवर.

पेंग्विनप्रेमी

एक शंका. मी स्वतः ६५ च्या लॅपटॉपला ४५ चा चार्जर लावतो, प्रवासात तोच नेतो. कधी काही झालं नाही. मग चार्जरला दोष कसा देता?

सोल्डरवाली

कारण तुमची बॅटरी धडधाकट आहे. कमी पडलेलं ती गुपचूप भरून काढते. फार तर चार्जिंग हळू होतं, किंवा जड काम करताना चार्जर लावूनही टक्के उतरतात. यांच्याकडे एकाच वेळी दोघेही कमकुवत निघाले. नुसता चार्जर ६५ चा केला तरी चार्जरवर असताना तरेल, पण बॅटरीवर मरेलच.

टाइप-सी वापरणाऱ्यांसाठी आणखी एक: चार्जर मोठा घेऊन उपयोग नाही, केबलही तेवढी हवी. साध्या टाइप-सी केबलमधून ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्यापुढे ५ अँपिअरची, आत ओळख पटवणारी चिप असलेली केबल लागते. ती नसेल तर १०० वॅटचा चार्जरही ६० च देतो.

ठिणगी

बॅटरी इतकी उतरली आहे तर आजच लॅपटॉप उलटा करून बघा. टचपॅड मधोमध उचलला गेलाय का, क्लिक घट्ट झालंय का, सपाट टेबलावर ठेवल्यावर एका कोपऱ्यावर डुलतो का, खालच्या झाकणाची फट वाढली आहे का. यातलं काहीही असेल तर बॅटरी फुगली आहे. मग चार्ज करणं त्याच मिनिटाला थांबवा. दाबून बसवायचा प्रयत्न नको, टोचून हवा काढायची नाही (असं करणारे महाभाग आहेत), आणि जुनी बॅटरी कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची.

मागचा_बाक

तपासलं. सपाट आहे, डुलत नाही. हुश्श.

कोपऱ्यातला

बरं, मी माघार घेतो, पण अर्धीच. जाळी साफ करा! झाकण उघडणारच आहात बॅटरीसाठी.

सोल्डरवाली

हे मात्र शंभर टक्के. उघडलाच आहे तर साफ न करता बंद करणं हा गुन्हा आहे.

कवडसा

नवीन सदस्य आहे, धागा वाचून लॉगिन केलं. माझा जुना लॅपटॉप पण बंद पडतो, पण वर कुणाशीच जुळत नाही. साधारण अर्ध्या तासाने जातो. बायोसमध्ये नुसता ठेवला तरी अर्ध्या तासाने जातो. बॅटरी काढून चार्जरवर, चार्जर काढून बॅटरीवर, दोन्ही प्रकारे तेच. हात लावला तर गार. मधे एकदा बायोस अपडेट करताना वीज गेली होती, पण नंतर तो सुरू झाला होता.

जुनं_खोड

घड्याळ!

सोल्डरवाली

@कवडसा, इंटेलचा प्रोसेसर आहे का? असेल तर शेवटच्या ओळीत उत्तर आहे. त्यांच्या चिपसेटमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा छोटा स्वतंत्र कंट्रोलर असतो, त्याचं फर्मवेअर बायोसच्याच चिपमध्ये शेजारच्या भागात राहतं. ते खराब झालं किंवा सापडलंच नाही तर बऱ्याच यंत्रांत सुरू झाल्यापासून ३० मिनिटांनी वीज तोडली जाते. आधी उत्पादकाच्या संकेतस्थळावरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा बायोस आणि असेल तर मॅनेजमेंट इंजिनचं फर्मवेअर पुन्हा टाकून बघा. हे करताना बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा, आणि सुरू केल्या केल्या लगेच करा, अर्ध्या तासाच्या आत उरकलं पाहिजे. तेवढ्याने नाही झालं तर चिप बाहेरून प्रोग्रॅमर नावाचं उपकरण लावून लिहावी लागेल, ते जाणत्याकडूनच करून घ्या.

कवडसा

हो, इंटेलच. आणि मी रॅम बदलायला निघालो होते... निघाले होते. धन्यवाद, करून कळवते.

झारा

३० मिनिटांत फॉरमॅट पण होतो.

मागचा_बाक

मूळ प्रश्नाचा निकाल लागला. मित्राकडून ६५ चा चार्जर आणला, केबल त्याचीच. प्रोसेसर पुन्हा १०० वर. पडदा शेअर, एक्सेल, टॅब, सगळं एकत्र करून पाहिलं, ढिम्म हलला नाही. मग चार्जर काढला आणि तोच प्रकार केला. बॅटरी ३८ टक्के दाखवत असताना गेला! पुन्हा चार्ज करून ९५ ला केलं तेव्हा टिकला, खाली येत येत चाळिशीच्या आसपास परत गेला.

उत्पादकाच्या अधिकृत भागांच्या यादीतून बॅटरी मागवली आहे, चार्जरही. ती येईपर्यंत ९९ वर चालवतो. झाकण उघडलं होतं, @कोपऱ्यातला, तुमचा नमदा जाळीवर सापडला. सोलून काढला. त्याने पंख्याचा आवाज कमी झाला, हे श्रेय तुमचं.

आता शेवटची शंका: नवी बॅटरी आली की सुरुवातीला बारा तास चार्ज करायची, पूर्ण रिकामी करायची वगैरे म्हणतात ते करायचं का?

पेंग्विनप्रेमी

ते जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांचं. लिथियमला नको.

टाचणी

बारा तासांचं नको, पण एकदा पूर्ण भरून, मग सलग वापरून विंडोज स्वतः बंद करेपर्यंत उतरवून, परत पूर्ण भरणं, एवढं एकदाच केलं तर टक्क्यांचा हिशेब जागेवर येतो. सेल सुधारत नाहीत त्याने, फक्त आकडा खरा दिसायला लागतो.

ठिणगी

मी तेही करत नाही. त्यापेक्षा दिवसभर चार्जर लावून बसत असाल तर उत्पादकाच्या प्रोग्रॅममध्ये किंवा बायोसमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा मिळते का बघा. कायम शंभरवर आणि त्यात गरम, यात लिथियम सगळ्यात लवकर म्हातारा होतो.

मागचा_बाक

मर्यादेचा पर्याय बायोसमध्ये सापडला, चार वर्षं तिथेच होता. बॅटरी आली की टाचणी म्हणतात तसं एकदा पूर्ण भरून-उतरवून घेतो आणि मग ८० ला लावतो.

कवडसा

कळवते म्हटलं होतं. बायोस पुन्हा टाकला, तरी अर्ध्या तासाने जातोच. मॅनेजमेंट इंजिनचं फर्मवेअर उत्पादकाच्या पानावर वेगळं आहे, पण टाकायला गेलं की एरर येतो.

सोल्डरवाली

एररचे नेमके शब्द आणि मॉडेल क्रमांक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बायोसच्या पहिल्या पानावर मॅनेजमेंट इंजिनची आवृत्ती कुठे लिहिलेली दिसते का तेही बघा. तिथे सगळी शून्यं असतील किंवा ती ओळच रिकामी असेल तर चिप बाहेरून लिहिण्यावाचून इलाज नाही. आणि लिहिणाऱ्याला बजावून सांगा की आधी चिपमधला आहे तो मजकूर वाचून जपून ठेव. तुमच्या यंत्राचा अनुक्रमांक आणि नेटवर्कचा पत्ता बऱ्याचदा त्यातच असतो.